गोल तिकडे

रघू खराडे आमच्या गोठ्यात नारळ घेऊन आला, तेव्हा मी आमच्या चंद्री म्हशीच्या कासेखाली बसलो होतो. आधी मला त्याचे बूट दिसले. गेला सबंध हंगाम मी ते बूट इतक्या जवळून पाहिले होते, की बाकीचा रघू बघायची गरजच नव्हती. माझ्या हातातली धार चरवीत पडायच्या ऐवजी माझ्याच गुडघ्यावर पडली.

"अण्णा हायत का?" त्यानं विचारलं.

"काय काम हाय?"

"तुज्याशी न्हाई. अण्णांशी."

तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आत आले. सिद्धाप्पा गवळी हे नाव कोल्हापुरात आमच्या पेठेपुरतं मोठं होतं. तालमीतले पैलवान आमच्याच गोठ्यासमोर उभे राहून दूध पीत. अण्णा समोर धार काढून पेला भरत, आणि माणूस आवडता असला तर पेल्यात दूध असे, नावडता असला तर फेस.

रघूनं वाकून नमस्कार केला. "अण्णा, मी टेकडीच्या कॉलेजचा कॅप्टन. गेल्या हंगामातल्या चांगल्या चांगल्या फुटबॉल खेळाडूंचा आमच्याकडं सत्कार हाय. समद्या कॉलेजांतनं निवडल्यात. तुमच्या शिवूचं नाव पोरांनी एकमतानं दिलं. आयतवारी सकाळी फेटा बांधायचाय."

असं म्हणून त्यानं नारळ आणि सुपारी पुढं केली. त्याच्या चेहऱ्यावर इतकी नम्रता होती, की एवढी नम्रता खरी असूच शकत नाही हे कुणालाही कळलं असतं. अण्णांना कळलं नाही. त्यांनी भारा खाली टाकला, हात धोतराला पुसले आणि सुपारी घेतली. आमच्याकडे सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. मग आभाळ कोसळलं तरी जायचं.

"फेटा?" अण्णा म्हणाले. "ह्या चेंडूपायी?"

"व्हय अण्णा. चेंडूपायीच."

आता यात थट्टा कुठं होती ते सांगितलं पाहिजे. आमचं तळ्याकाठचं कॉलेज आणि त्यांचं टेकडीवरचं कॉलेज यांचं वैर साप-मुंगसाचं. गेल्या हंगामाच्या फायनलमध्ये शेवटची काही मिनिटं उरली होती आणि कुणाचाच गोल झाला नव्हता. मी बॅक. रघूच्या पायातला चेंडू मी काढून घेतला आणि गोलकीपरला मागं दिला, सावकाश, अगदी देवापुढं नैवेद्य सरकवावा तसा. आमचा गोलकीपर तिथं नव्हता. रघूला अडवायला म्हणून तो कधीच पुढं आला होता. चेंडू गडगडत आमच्याच जाळीत गेला, आणि टेकडीवाले एक विरुद्ध शून्यानं जिंकले. सबंध फायनलमध्ये एकच गोल झाला आणि तो माझा होता. आता त्याच गोलाबद्दल टेकडीची पोरं मला फेटा बांधणार होती.

अण्णांना हे ठाऊक नव्हतं. पेठेत शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, पण अण्णांपुढं चेंडूचं नाव काढलं की पेल्यातला फेस वाढतो, असा सगळ्यांचा अनुभव होता. मी कॉलेजात गेलो तेव्हाच अण्णांनी सांगून ठेवलं होतं, "ज्या दिशी त्या चेंडूपायी तुज्या डोस्क्याला कुणी फेटा बांधंल, त्या दिशी मी बगाय यीन. तवर माज्यापुढं त्येचं नाव काढायचं न्हाई." आणि नुकत्याच झालेल्या दसऱ्याला त्यांनी पुढचंही सांगून टाकलं होतं. दिवाळीच्या पाडव्यापासून चेंडू बंद, गोठा सुरू.

मला आणखी एक हंगाम खेळायचा होता. एकच. तो गोल पुसून टाकायला एक हंगाम तरी हवा होता मला, आणि त्यासाठी मी काहीही केलं असतं. पण हे असलं काही करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

रघू गेल्यावर मी तोंड उघडलं. "अण्णा, ऐका की जरा—"

"गप." अण्णा सुपारी दिव्याच्या कोनाड्यात ठेवत होते. मग आत वळून आईला म्हणाले, "अगं ए, माजा लगनातला कोट काढ. पोरगा माणसांत आला."

त्यानंतर खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

रविवारी सकाळी मी अण्णांच्या आधी टेकडीवर पोचलो. रघू हॉलच्या मागच्या नळावर तोंड धूत होता. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून एक लाकडी पाटी उभी होती. पांढऱ्या रंगात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शिवलिंग गवळी, गोल तिकडे', आणि खाली हातभर लांब लाल बाण.

"बक्षीस," रघू म्हणाला. "पुढल्या येळंला चुकू नये म्हणून. पेंटरकडनं करून घेतलीय. आवडली?"

"रघू, अण्णा येणारेत."

"येऊ देत की. आम्हीच बोलावलंय."

"त्येंना काय म्हाईत न्हाई. त्येंना वाटतंय खराच सत्कार हाय. कळलं तर माजा खेळ बंद. पाडव्यापासनं दावणीला बांधत्यात मला, चंद्रीच्या शेजारी."

रघूनं तोंड पुसलं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यामागं सबंध कॉलेज होतं. "आता काय करू लका? आत पोरं वाट बगत्यात. पाटी दावली न्हाई तर माजीच वरात काढतील. आधी सांगायचंस."

"आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"न्हाई," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तेवढ्यात टेकडीच्या चढावरून हलगी ऐकू आली. आम्ही दोघं पुढं जाऊन बघतो तर अण्णा! अंगात लग्नातला कोट, त्याचं एकच बटण लागलेलं. डोक्याला फेटा. मागं दोन हलगीवाले, आणि त्यांच्या मागं चंद्री, पाडव्याला सजवतात तशी सजवलेली: शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, कपाळावर मोरपिसं. कॉलेजच्या फाटकातून आजवर प्राचार्यांची गाडी सोडून एवढं सजलेलं काही आत आलं नसावं. फाटकावरच्या शिपायानं चंद्रीला सलाम ठोकला.

"म्हस कशाला आणली?" मी कळवळून विचारलं.

"सत्काराला आलेल्या माणसांनी रिकाम्या तोंडानं परत जायाचं व्हय?" अण्णा म्हणाले. आणि हॉलच्या दारातच उकिडवे बसून त्यांनी धार काढायला सुरुवात केली. पोरं गोळा झाली. अण्णांनी पहिला पेला भरला आणि इकडंतिकडं बघितलं. "त्यो खराड्याचा कुठं हाय? नारळ घेऊन आलेला?"

रघू पुढं झाला.

"घे. पयला तुजा. माज्या पोराचं नाव तू घेऊन आलास."

मी पेल्यात बघितलं. फेस नव्हता. काठोकाठ दूध होतं. एवढं भरलेला पेला अण्णांनी आमच्या तालमीच्या वस्तादांनाही कधी दिला नव्हता. रघूनं तो दोन हातांनी घेतला, पिऊन टाकला, आणि पेला परत देताना त्याला माझ्याकडं बघवेना.

कार्यक्रम सुरू झाला. टेकडीचे खेळाचे प्राध्यापक देशिंगकर सर फायनलनंतरच बदलून आलेले. प्रतिस्पर्ध्यांचाही सन्मान करावा ही त्यांचीच कल्पना, आणि नावं पोरांनी सुचवावीत हीसुद्धा. त्यांना या गावचं पाणी अजून लागलं नव्हतं. त्यांनी खिलाडूवृत्तीवर भाषण केलं. इतर कॉलेजांच्या खेळाडूंना फेटे बांधले, शाली घातल्या. शेवटी माझं नाव घेतलं, आणि हॉलमध्ये एकच गलका उठला, "पाटी! पाटी! पाटी!"

सरांना वाटलं हे कौतुक आहे. पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांनाही तसंच वाटलं. आपल्या पोराच्या नावानं एवढी माणसं ओरडतात म्हटल्यावर त्यांनाही चेव आला. ते उठून उभे राहिले आणि मूठ उगारून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडले, "पाटी! पाटी!"

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मी व्यासपीठावर उभा होतो. जमीन दुभंगेल तर बरं, असं मला वाटलं. माझी थट्टा झाली असती तर मी सोसली असती. पण अण्णा मूठ उगारून उभे होते, आनंदानं लालबुंद झालेले, आणि लोक त्यांना हसत होते. मला रडू यायला लागलं.

रघू माइकपुढं आला. त्याच्या खिशात थट्टेच्या मानपत्राचा कागद होता. खिशाशी गेलेला त्याचा हात तिथंच थांबला. त्यानं हॉलकडं बघितलं, मग अण्णांकडं.

"गप बसा रे," तो म्हणाला. "मी एकच सांगणार हाय. गेल्या हंगामात मी प्रत्येक कॉलेजवर गोल मारलाय. प्रत्येक. तळ्याच्या कॉलेजवर मारता आला न्हाई. लीगमधी न्हाई आनि फायनलमधी न्हाई. ह्येच्यामुळं. फायनलमधी मी येकदाबी ह्येच्या पुढं गेलो न्हाई. आठवा. कुणी बगितलं असंल तर हात वर करा."

कुणीच हात वर केला नाही. मागच्या एकानं "पण पाटी—" असं काहीतरी सुरू केलं, पण शेजारच्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. आणि मग टाळ्या पडायला लागल्या. आधी चुकतमाकत, मग जोरात. कोल्हापूरची माणसं थट्टा करताना मागंपुढं बघत नाहीत, पण खेळाचं खरं बोललं की त्यांना गप्प बसवत नाही.

देशिंगकर सरांनी मला फेटा बांधला. टेकडीच्या कॉलेजचा पिवळाधमक फेटा. मी सुटलो, असं मला वाटलं.

पण अण्णांची नजर म्हैस पारखणाऱ्याची. ते सरळ व्यासपीठावर चढले. "आणि ते मागं काय लपीवलंय? त्येच्यावर माज्या पोराचं नाव हाय."

रघूनं पाटी पडद्यामागं सरकवली होती, पण माझं नाव आणि अर्धा बाण बाहेरच राहिला होता. अण्णांनी ती ओढून बाहेर काढली आणि एकेक अक्षर लावत वाचली. "शिव-लिंग ग-वळी, गोल तिक-डे. म्हंजे काय?"

"ती... ती ढाल हाय, अण्णा," रघू म्हणाला.

"मग द्यायची सोडून ठेवलीय कशाला?" अण्णांनी पाटी काखेत मारली.

परतीची मिरवणूक मी जन्मात विसरणार नाही. पुढं हलगी. मग पाटी उंच धरलेले अण्णा, मग चंद्री, मग पिवळ्या फेट्यातला मी. मागं टेकडीची पोरं नाचत येत होती. ती का नाचत होती ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. प्यायलेलं दूध असेल, नाहीतर हलगी. रघूनं गुलालाची पिशवी आणली होती.

पेठेच्या तोंडाशी तातोबा वस्ताद उभे होते. आमच्या तालमीचे सर्वेसर्वा. त्यांनी हात वर केला आणि हलगी थांबली.

"शिवू," ते म्हणाले, "कुनाचा फेटा घालून आलास?"

अण्णाच बोलले. "टेकडीवाल्यांनी बांधला, वस्ताद. हंगामात चांगला खेळला म्हणून. ढालबी दिलीया, ही बगा."

वस्तादांनी पाटी वाचली. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. "अण्णा, आता तुमी कितीबी फेस पाजा, पर मी सांगणार. तुमाला खुळ्यात काढलंय त्येंनी. फायनलमधी तुमच्या पोरानं आपल्याच जाळीत गोल घातला. त्यामुळं आपण हरलो. गोल तिकडं घालायचा असतोय हे शिकवाय त्येंनी पाटी दिलीया. ही ढाल न्हवं. ही थट्टा हाय."

सगळी पेठ गप्प झाली. चंद्रीसुद्धा रवंथ करायची थांबली, असं मला वाटलं. अण्णांनी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खरं हाय?"

"खरं हाय, अण्णा."

"चेंडू जाळीत गेला?"

"गेला. पण आपल्या जाळीत."

"जाळ्या किती असत्यात?"

मी चमकलो. "दोन. एक आपली, एक त्यांची."

"आणि कुटली कुनाची, हे ठरलेलं असतंय?"

"तसं न्हाई. हाफ टाइमला बाजू बदलत्यात."

अण्णांनी मान वर केली. "म्हंजे? आदी ती जाळी कुनाची हुती?"

"पयल्या हाफात? त्यांची."

"आन् मग मधीच तुमची केली?"

"व्हय."

अण्णा वस्तादांकडं वळले. आता त्यांचा आवाज चढला होता. "वस्ताद, दुपारी हिकडं बांधलेली म्हस सांजच्याला तिकडं बांधली, आन् पोरगा अंधारात हिकडं चरवी घेऊन आला, तर चूक पोराची का दावण बदलणाऱ्याची? पोरानं चेंडू जाळीत घातला. तुमीच जाळ्या बदलता, आन् पोराला नावं ठेवता?"

वस्ताद म्हणजे आयुष्यभर कुस्ती केलेला माणूस, पण या पेचाला त्यांच्याकडं तोड नव्हती. पहिल्यांदा रघू हसला. मग सगळी पेठ हसली. शेवटी वस्तादांच्या मिशाही हलायला लागल्या. "वाजवा रं!" ते हलगीवाल्यांना म्हणाले. "ह्या माणसापुढं कोण बोलंल?"

घरी आल्यावर अण्णांनी कोट काढून खुंटीला अडकवला. चंद्रीची झूल उतरवली, शिंगांवरून हात फिरवला. पेठेपुढं ते हिमतीनं उभे राहिले होते, पण आता त्यांचे खांदे पडले होते.

"त्या हालात पोरं हसत हुती," ते म्हणाले. "ती मला हसत हुती?"

"न्हाई अण्णा. मला."

"मी पाटी पाटी म्हणून वरडलो."

मी डोक्यावरचा फेटा काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "मला एक सांग. त्यो खराड्याचा बोलला ते खरं? तुज्यामुळं त्येला गोल मारता आला न्हाई?"

"ते खरं हाय."

"आईची आण?"

"आईची आण."

अण्णांनी मान डोलावली. "मग फेटा खरा. पाटी खोटी." त्यांनी पाटी उचलून गोठ्याच्या कुडाला उभी केली आणि म्हशी विकत घेताना बघतात तशी चहूबाजूंनी बघितली. "फेटा बांधला तर बगाय यीन म्हणालो हुतो. पर आज मी फेटाच बगितला. खेळ कुटं बगितला? म्होरल्या हंगामात बगतो. आन् ह्या पाटीचंबी बगतो."

मी त्यांच्या पाया पडलो. ते पाय मागं घेत म्हणाले, "शेणातनं उठ आधी. फेटा भरंल."

पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्याला अण्णा मैदानावर आले. काखेत पाटी. ते आमच्या गोलकीपरच्या मागं, जाळीच्या पलीकडं जाऊन बसले आणि पाटी अशी धरली, की बाण बरोबर समोरच्या जाळीकडं जाईल. चेंडू माझ्या पायात आला की ते उठून पाटी हलवत आणि ओरडत, "शिवू, तिकडं! पल्याडच्या जाळीत!" हाफ टाइमला बाजू बदलल्या की दावण बदलणाऱ्यांना शिव्या देत पाटी उचलत, सबंध मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जात आणि तिथं पुन्हा आमच्या जाळीमागं बसत. पहिल्या दिवशी लोक हसले. नंतर नंतर अण्णा आल्याशिवाय सामना सुरू झाला असं कुणाला वाटेना. पाडव्याचं मग कुणी नावच काढलं नाही. मी एक हंगाम मागितला होता, आधी कॉलेजकडून, मग तालमीकडून चांगले अकरा खेळलो. त्या अकरा हंगामांत माझ्याकडून आपल्या जाळीत गोल गेला नाही. तिकडच्या जाळीतही एकच गेला, आणि त्या दिवशी अण्णांनी आख्ख्या स्टेडियमला दूध पाजायचं म्हणून हट्ट धरला होता.

अण्णा गेले, त्या वर्षी मी खेळणं सोडून आमच्या कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवत होतो. त्यांचं दिवसकार्य झालं आणि पुढच्याच आठवड्यात टेकडीशी सामना आला. पाटी मी मुद्दाम घरी ठेवून निघालो होतो. ती बघायची माझी ताकद नव्हती. पण आईनं ती कुणाच्या तरी हातात दिली असावी. कारण शिट्टी वाजायच्या आधी मी सवयीनं आमच्या जाळीमागं बघितलं, तर पाटी होती.

ती धरून रघू खराडे बसला होता. तेव्हा तो टेकडीच्या संघाचा कोच होता. त्याची स्वतःची पोरं मैदानातून त्याला हाका मारत होती, आणि हा आमच्या जाळीमागं बसून बाण त्यांच्याच जाळीकडं रोखून धरत होता.

हाफ टाइम झाला, बाजू बदलल्या. रघू उठला, पाटी काखेत मारली, बाजू बदलणाऱ्यांना अण्णांच्याच आवाजात दोन शिव्या हासडल्या, आणि मैदानाला वळसा घालून पलीकडं चालायला लागला.